पिंप भरेपर्यंत

करुणाताई गेल्याची बातमी मला आमच्या छतानं दिली. सकाळी ओट्याशी उभी राहून मी डबे भरत होते आणि नेहमीप्रमाणे टप्पकन थेंब पडला, शेगडीच्या अगदी शेजारी. मग दुसरा. मी कपाळाला हात लावला, झाडू उलटा धरला आणि दांडीनं छतावर तीनदा ठोकलं. वरच्या घरात माझ्या नणंदबाई राहायच्या आणि हा आमचा वर्षानुवर्षांचा टेलिफोन होता. मी खालून ठोकायचं, त्यांनी वरून टाच आपटायची. टाच म्हणजे, ऐकलं गं बाई, नळ बंद करते. त्या सकाळी टाच वाजली नाही. थेंबांची धार झाली. मी तणतणत जिना चढले, आमच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं आणि "ताई, आता मात्र हद्द झाली" असं म्हणतच आत शिरले... ताई पिंपाशेजारच्या स्टुलावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले, साडीचा काठ पाण्यात. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. मी आधी नळ बंद केला, मग त्यांच्या खांद्याला हात लावला.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. बदलापूरला कात्रपमध्ये आमची इमारत तीन मजल्यांची. आम्ही दुसऱ्यावर, ताई तिसऱ्यावर. पाणी सकाळी सोसायटी सोडेल तेवढंच, आणि तिसऱ्या मजल्यावर त्याची करंगळीएवढी धार. म्हणून ताईंनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात निळं पिंप ठेवलं होतं. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका लहानशा प्रसूतिगृहात आयुष्यभर सिस्टर म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, आणि भावाच्या डोक्यावर अक्षरशः राहायला आल्या. आल्या त्या आठवड्यातच त्यांनी पाणी भरायची वेळ आणि प्रार्थनेची वेळ एक करून टाकली. "नळाशी बसावं तर लागतंच, मग एकटीनं कशाला बसू?" हे त्यांचं म्हणणं. ऐकायला छान आहे. पण एकदा त्या देवाजवळ बसल्या की पिंप भरलं काय नि वाहिलं काय, त्यांना पत्ता नसे. पाणी फरशीवरून कोपऱ्यातल्या पाइपाशी जाई आणि तिथून स्लॅबमधून थेट माझ्या ओट्यावर. देवाचा सहवास वरच्या मजल्यावर आणि बाप्तिस्मा खाली माझ्या कणकेला.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रारही केली. साळवेकाका घरात बुद्धवंदना म्हणणारे, देव मानत नाहीत, तेव्हा ते माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, मी देव मानत नाही, पण ताईंना मानतो. त्यांचं बोलणं अर्धवट राहू नये म्हणून मी पाणी हल्ली जरा जास्त वेळ सोडतो." म्हणजे माझ्या छताच्या गळतीला सोसायटीचाच आशीर्वाद होता.

पाण्याबरोबर आवाजही खाली यायचा. आमच्या चर्चच्या मंडळीतही सगळे देवाला 'तू'च म्हणतात, पण ते 'तू' आदबीचं असतं. ताईंचं 'तू' म्हणजे भाजी आणायला विसरलेल्या धाकट्या भावाला म्हणावं तसं. "परवा सांगितलं होतं ना तुला? मग? नाही, मला समजावू नकोस." मी एकदा वैतागून विचारलं, "ताई, देवाशी असं बोलतात?" तर म्हणाल्या, "मग काय, तू नवऱ्याशी अर्ज लिहून बोलतेस?" आणि हीच बाई चारचौघांत प्रार्थना करायची वेळ आली की मुकी. दर शुक्रवारी कुणा ना कुणाच्या घरी आमची कॉटेज प्रार्थना असायची. एकेकानं पाळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची, आणि लोक अशी काही लांबवायचे की पोहे गार होऊन दगड व्हायचे. ताईंची पाळी आली की, "प्रभू, आम्ही आलोय. आमेन." संपलं. पाळकांच्या पत्नीनं यावरून निष्कर्ष काढला की करुणाबाई आत्मिक जीवनात कच्च्या आहेत, आणि त्यांना शनिवारच्या वर्गात घातलं. कॉलेजातल्या मुलींबरोबर! विषय, विश्वासातली वाढ. ताई चष्मा पुसून मुकाट्यानं जाऊन बसायच्या. वर्षअखेरच्या उपासनेत प्रत्येकानं उभं राहून साक्ष द्यायची, वर्षभरात आपण कसे वाढलो ते सांगायचं. लोक रडले, गहिवरले. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "यंदा मी त्याच्याशी जरा कमी भांडले. वाढले की नाही ते त्यालाच माहीत." आणि खाली बसल्या. कुठं तोंड लपवू असं मला झालं.

आता खरं दुखणं सांगते. आम्हाला मूल नव्हतं. अख्ख्या मंडळीला ते माहीत होतं आणि प्रत्येक कॉटेज प्रार्थनेत कुणीतरी मला देवापुढं उभं करायचंच. "आमच्या या बहिणीची कूस उघड," असं कुणी हुंदका देऊन म्हणत असताना मी त्यांच्याचसाठी चहाचा ट्रे धरून उभी असायचे. हळूहळू माझी प्रार्थना सुटली. डोळे मिटायचे आणि उद्या भाजी काय करायची याचा विचार करायचा. चीड यायची ती ताईंची. निम्म्या उल्हासनगरची बाळं यांच्या हातांनी जगात आणलेली. बाजारात सिंधी बायका शेअर रिक्षा थांबवून उतरायच्या, सिंधीत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं त्यांना दादी म्हणायच्या आणि मिशा फुटलेला पोरगा पुढं ढकलायच्या, "दादी, ये आपके हाथ का बच्चा है." आणि या दादी माझ्यासाठी चारचौघांत एक शब्द काढत नव्हत्या. पण छतातून मात्र माझं नाव ऐकू यायचं. "मीनाचं काय? नाही, हे मला पटत नाही. सांगून ठेवते." कधी आवाज चढायचा, कधी बसायचा. त्या दिवसांत मी झाडू जरा उशिरा उचलत असे. कणीक भिजली तर भिजू दे.

मग एकदा लक्षात आलं की माझं नाव येईनासं झालं आहे. बोलणंच कमी झालं होतं. पाणी मात्र नेमानं गळत होतं. मी वर गेले. ताई फरशी पुसत होत्या.

"ताई, माझं नाव हल्ली ऐकू येत नाही."

"मागणं थांबवलंय," त्या म्हणाल्या. कसलाही आडपडदा नाही.

"का? कंटाळलात?"

त्यांनी फडकं पिळलं. "मीना, इतकी वर्षं मी त्याच्याकडे मागायलाच जात होते. काम झालं की उठायचं. एकदा सगळं मागून झालं तरी उठवेना. मग बसले. आता नुसती बसते."

"आणि माझं?"

"तुला घेऊनच बसते. तो हो म्हणाला नाही. पण ऊठ, जा, असंही म्हणाला नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा वकील कोर्टात जाऊन गप्प बसतो, आणि वर सांगतो, न्यायाधीशाजवळ बसून बरं वाटलं! त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. अंबरनाथच्या कारखान्यातल्या ऑफिसातून घरी यायचं, त्यांचा डबा वर पोहोचवायचा, खाली यायचं. ताईंनी माझ्या तुटकपणाबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

मूल व्हावं म्हणून केलेला शेवटचा उपचारही फसला तेव्हा मी दोन दिवस पलंगावरून उठले नाही. मंडळीतल्या बायका आल्या, प्रभूची योजना वेगळी असते म्हणाल्या, चहा पिऊन गेल्या. ताई दुपारी आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. बोलल्या नाहीत, प्रार्थना केली नाही. भारनियमनात पंखा गेला तेव्हा वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत राहिल्या. संध्याकाळ झाली. शेवटी मीच खेकसले, "काहीतरी बोला ना!"

"काय बोलू? मलाही राग आलाय."

"देवाचा?"

"हो. पण त्याला सोडून जाऊ कुठं?"

पूर्वीच्या ताई असत्या तर वर जाऊन त्याच्याशी कडाकडा भांडल्या असत्या, किंवा मला डाफरून उठवून बसवलं असतं. प्रसूतिगृहात त्यांच्या जिभेला डॉक्टरही वचकून असत, असं हे सांगतात. ही जीभ कधी निवली ते मला वरच्या घराखाली राहूनही कळलं नव्हतं. त्या दिवशी वारा घालणारा तो हात थांबू नये असं मला वाटत होतं, आणि तसं म्हणवत नव्हतं.

ताईंना जाऊन आता दीडेक महिना झाला. छत सुकलं. ओट्याच्या वर छताला चहाच्या रंगाचा एक मोठा डाग तेवढा उरला आहे. कणीक कोरडी राहते. इतकी वर्षं याच सुखासाठी मी आदळआपट केली होती, आणि आता सकाळी त्या डागाकडे बघत उभी राहते आणि मला रडू येतं. वरचं घर भाड्यानं द्यायचं ठरलं, तेव्हा हे म्हणाले, आधी ती गळती बंद करून घेऊ. गवंडी येऊन बघून गेला. "भाभी, सिमेंट के लिए पानी भरके रखना," म्हणाला.

म्हणून परवा सकाळी मी वर गेले. पिंपाचं झाकण काढलं, नळ सोडला, तीच करंगळीएवढी धार. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून स्टुलावर बसले. प्रार्थनेचा माझा काडीचाही विचार नव्हता. पण बसलेच आहे तर एकदा सुनवावं, असं वाटलं. "ताईंना नेलंस. मला काय दिलंस ते तर तुला ठाऊकच आहे..." तिथून सुरुवात झाली. आवाज चढला. जे कुठल्याही कॉटेज प्रार्थनेत बोलता आलं नसतं ते सगळं बोलले, आणि ते इथं लिहिणार नाही. मग बोलायचं संपलं. उठावं, असं मनात आलं... पण उठवेना. कुणी जा म्हणत नव्हतं. बसून राहिले.

खालून ठक ठक ठक असं वाजलं तेव्हा मी डोळे उघडले. पावलं पाण्यात होती. पिंप केव्हाच भरलं होतं आणि पाणी ओळखीच्या वाटेनं कोपऱ्यातल्या पाइपाकडे निघालं होतं. खाली यांनी, जन्मात कधी झाडू हातात न धरलेल्या माझ्या नवऱ्यानं, दांडीनं छत ठोकलं होतं. मी नळाकडे हात नेला, पण त्याआधी टाच आपटली.