चेंडू अजून हायाशी-सानांकडेच आहे

किश्श्यांचं आमच्या जपानातल्या, कोबेच्या कचऱ्यासारखं आहे. टाकायचा वार येईपर्यंत घरात साठत राहतात, आणि वार आला की नेमकं विसरायला होतं! आज मात्र आठवणीने पिशवी बाहेर काढलीये. वर्गवारी केलेली नाही, ती तुमची तुम्ही करा.

सगळे किस्से एकाच बाकाजवळचे. आमचा ओंकार इथल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये खेळतो. मॅचला पालकांच्या बाकाशेजारी हायाशी-सानांची व्हीलचेअर असते. वय शंभराला एक कमी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते याच टीमकडून खेळले, आणि त्या सीझनच्या टीममधले आता तेवढेच उरलेत.

*

पहिल्याच मॅचला ओंकारच्या अंगावर एकदम चौघं कोसळले. मी उभी राहून किंचाळले, "अरे मेल्यांनो, सोडा त्याला!"

टाळ्या वाजवणाऱ्या बाकीच्या आया वळून माझ्याकडे बघायला लागल्या!

हायाशी-सानांनी अदबीने विचारलं, "काय म्हणालात?"

"गुड लक म्हटलं," मी सांगितलं.

"अच्छा. आमच्या आयाही अगदी असंच गुड लक म्हणायच्या!"

घरी आल्यावर ओंकार एवढंच बोलला, "आई, हाझुकाशी!" म्हणजे लाज आणलीस. कळायला जपानी यावंच लागतं असं नाही.

*

एकदा कोचने मला बोलावून घेतलं. चेहरा गंभीर. म्हटलं, झालं, पोरगं नापास!

"कदम-सान, ओंकार कमी जेवतो."

अहो, वीस वर्षं मी घसा कोरडा करून हेच सांगत होते! मी तिथेच कोचला वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून थालीपिठांचा डबा सुरू. हे ऐकून हायाशी-सान हसत सुटले.

"आमच्या सीझनला टचडाउन केला, चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली, की सहा गुण आणि एक रताळं मिळायचं. रेशनचे दिवस ना! आमचा एक गडी सरळ समोरच्या टीमशी तोडपाणी करून आला. तुम्ही आडवे येऊ नका, अर्धं रताळं तुमचं!"

"मग?"

"मग काय, कॅप्टनने रताळं जप्त केलं. आणि खाल्लं."

*

त्या काळात टीमला माणसंच मिळेनात, म्हणून सुमो क्लबमधला एक धिप्पाड गडी पकडून आणला. नियम समजावले. त्याने मान डोलावली.

मॅच सुरू झाली. गड्याने समोरच्याला वाकून नमस्कार केला, एका झटक्यात ढकलत थेट मैदानाबाहेर नेलं, पुन्हा वाकून नमस्कार केला आणि शांतपणे कपडे बदलायला निघून गेला. सुमोच्या हिशोबाने तो जिंकला होता!

"मागून ओरडायचं ना," मी हायाशी-सानांना म्हटलं.

"ओरडलो की! पण 'टॅकल' म्हणायची सोय नव्हती. इंग्रजी म्हणजे शत्रूची भाषा, ती बंद, असा वरून हुकूम. शत्रूचा खेळ मात्र चालू! जपानीत नीट समजावेपर्यंत तो आंघोळीला बसला होता."

*

पण हसता हसता एक गोष्ट सांगताना हायाशी-सान सरळ होऊन बसायचे. त्या सीझनची शेवटची मॅच, ओसाकाच्या कॉलेजशी. चेंडू यांच्या हातात, रेषा अगदी समोर, आडवा त्यांचा एकटा ओनो. आणि हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. सगळे जीव घेऊन पळाले, हे चेंडूसकट. थोड्याच दिवसांत बहुतेकांना सैन्यातून बोलावणं आलं. परत फार थोडे आले.

"हरलात की जिंकलात?" मी विचारलं होतं.

"मॅच संपलेली नाही, कदम-सान. थांबलीये."

आणि गंमत म्हणजे तो ओनोही हयात! दर नवीन वर्षाला ओसाकाहून फोन करतो. हॅलो नाही, शुभेच्छा नाही. "चेंडू आहे का?" हे म्हणतात, "आहे." फोन बंद!

एकदा ही मॅच पुरी व्हावी, एवढीच हायाशी-सानांची इच्छा होती. दोघांचं वय बघता पुढचा सीझन कुणीच धरून चाललं नव्हतं. म्हणून पोरांनी ठरवलं, याच वर्षी.

*

ओसाकाच्या त्याच कॉलेजशी आमची शेवटची मॅच. हाफटाइमला दोन व्हीलचेअर मैदानात आल्या. हायाशी-सानांच्या मांडीवर, शालीत गुंडाळलेला तोच जुना चेंडू. ओंकार ढकलायला पुढे झाला, तर हायाशी-सान म्हणाले, "तू आजचा खेळाडू. त्या टीममध्ये तुझं नाव नाही. कदम-सान ढकलतील."

माझं होतं वाटतं!

समोरून ओनो-सान आले, मागे त्यांची लेक. मांडीवर शाल, डोक्यावर चक्क हेल्मेट. रेफ्रीने शिट्टी वाजवली. मी पदर खोचला आणि पळाले! ओनो-सानांनी हात पसरले, मी खुर्ची डावीकडून काढली, हायाशी-सान "हा! हा!" ओरडतायत, आणि आम्ही रेषेपार! अख्खं स्टँड उभं. ओंकार रडत होता आणि मराठीत ओरडत होता, "आई! आई!"

"थांबा!" ओनो-सानांनी हात वर केला. "मागून ढकललं. फाऊल!"

रेफ्री बिचारा तरुण पोरगा. "ओनो-सान, आताच्या नियमात ढकललेलं चालतं."

"मॅच कधीची आहे?"

रेफ्रीने हायाशी-सानांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधीच पाहिला नव्हता.

"त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्या वेळी बंदी होती."

रेफ्रीचा फाऊलचा पिवळा रुमाल मैदानात पडला. टचडाउन रद्द!

"मग लगेच परत खेळू या ना!" मी धापा टाकत म्हटलं.

"छे, आता पोरांची मॅच आहे," हायाशी-सान म्हणाले आणि चेंडू पुन्हा आपल्या शालीत गुंडाळून घेतला.

ओनो-सानांनी हेल्मेट काढून त्यांना वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून बजावलं, "पुढच्या वर्षापर्यंत यांना स्वतःच्या हाताने चाकं फिरवायला शिकवा."