बाबांनी ऐकलेला दुसरा धबधबा

पोळ्यानंतरच्या रविवारी आम्ही जळगाव जामोदहून सातपुड्यातला धबधबा बघायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. खरं तर खामगावच्या माझ्या शिवणक्लासच्या सहा मैत्रिणी येणार होत्या... ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि आदल्या दिवशी एकेक करून गळाल्या.

मी पोळ्याला माहेरी आलेलीच होते. आई बाबांकडे बघत म्हणाली, "यायलेच घेऊन जाय. दिवसभर भिताडाकडे पाहून राह्यतेत."

बाबांनी चाळीस वर्षं पिठाची चक्की चालवली. त्या घरघरीत कान गेले. चक्की बंद केल्यावर आम्ही भावंडांनी हट्टानं कानाचं मशीन घेऊन दिलं... त्यांनी ते आठवडाभर घातलं आणि मग जे डबीत गेलं ते गेलंच. डबी तेवढी कायम शर्टाच्या खिशात.

मला त्यांचा भयंकर राग यायचा. माझी लेक शाळेतलं काही सांगायला गेली की नुसते हसायचे, कशावर ते देव जाणे. हळूहळू तिनं आजोबांना काही सांगणंच सोडलं. फोन तर ते हातातही घेत नसत. माणूस समोर बसलेला असून घरातून निघून चाललाय असं वाटायचं, आणि त्याची मला भीती वाटायला लागली होती.

पायथ्याच्या गावातून भावसिंगदादा वाट दाखवायला आले. साठीचे असतील, सगळं आयुष्य या जंगलात गुरं चारण्यात गेलेलं. बोलणं अगदी मोजकं.

वाट इतकी सुंदर होती म्हणून सांगू... सागाला पांढरा फुलोरा, दोन्ही बाजूंना गुलाबी तेरडा, आणि थोडं चाललं की पायात येणारा एखादा ओढा. मी पुढे चालत मागे ओरडत होते. "बाबा, दगड आहे!" "बाबा, काटा आहे!" एका वळणावर माकडांचा अख्खा कळप माझ्या आवाजानं उधळला. भावसिंगदादांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

तासाभरानं वाट गवतात बुडाली. गवत कमरेएवढं, वाट कुठे जाते ते दिसेना. भावसिंगदादा थांबले आणि मला म्हणाले, "बाई, जरा चूप राहा. आता कानानं जा लागते."

मी चूप बसले. सकाळपासून पहिल्यांदाच, असं बाबांचं म्हणणं आहे.

मी आणि भावसिंगदादा माना वाकड्या करून उभे... बाबांना काही कळेना. मी कानाला हात लावला, मग हातानंच पाणी पडल्याची खूण केली. ते थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचा हात खिशाकडे गेला. मी मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले. बघतेय म्हटल्यावर डबी परत खिशात गेली असती.

मशीन लावून त्यांनी डोळे मिटले. चक्कीवर दळण बरोबर पडतंय की नाही हे ते असेच डोळे मिटून, आवाजावरून सांगायचे. मग हात वर करून म्हणाले, "दोन हायेत."

"दोन काय?" मी विचारलं.

"धबधबे. खालून येते ते जवारीचं जाडं दळण. अन् त्याच्या वरते गव्हाचं बारीक चालू हाये."

भावसिंगदादा चकित झाले. "हाव, वरते हाये एक लहान. पण तो साऱ्याच वर्सी नाई वाहत," ते म्हणाले. मग आम्ही बाबांच्या मागे चालायला लागलो. होय, बाबांच्या मागे.

मोठा धबधबा दिसला तेव्हा मी मनापासून नाचले. बाबांना मात्र वरचाच बघायचा होता. भावसिंगदादांनी हात धरून त्यांना खडकावर चढवलं. तिथं खरंच, झुडपाआड एक बारीक धार पडत होती. बाबांनी तिच्याखाली हात धरला, दळणाचं पीठ बघायला धरायचे तसाच... मी रडले. पाणीच एवढं उडत होतं की कुणाला कळलं नाही.

परतीच्या वाटेवर एक ओला खडक आला आणि मी सवयीनं ओरडले, "बाबा, सांभाळून!" त्यांनी दचकून कानावर हात ठेवला.

"हळू बोल माय. ऐकू येऊन राह्यलं," ते म्हणाले. जरा पुढे गेल्यावर मागे न बघताच म्हणाले, "म्हणूनच काढून ठेवतो मी ते. चक्की बंद होऊन तीन वर्सं झाले. तुमी सारे अजून ते चालू असल्यावाणीच बोलता."



खरंच होतं ते. आमचं घर चक्कीला लागून. आम्ही भावंडं बोलायला शिकलो तीच चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून. सासरी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वाटलं होतं, नवी सून भांडते. मशीन आलं त्या दिवशी आम्ही सगळे बाबांभोवती गोळा होऊन एकदम ओरडलो होतो, "ऐकू येतं का?" आणि त्यानंतर मी त्यांनाच हट्टी म्हणत आले. लाज वाटली, स्पष्टच सांगते.

उरलेली वाट मी हळू आवाजात बोलत उतरले. त्यांनी लेकीची शाळा विचारली, माझं शिवणकाम विचारलं... मध्ये एकदाही "काय?" म्हणाले नाहीत.

भावसिंगदादा काही फेसबुकवर नाहीत. पण ज्या माणसानं मला चूप बसवलं, त्याचे आभार इथं मानल्याशिवाय राहवत नाही.

काल खामगावहून माहेरी फोन केला. बाबांनी स्वतः उचलला! मी इतकं जपून, इतकं हळू बोलले की पलीकडे नुसती शांतता. मग आवाज आला, "वंदे, जरा जोरानं बोल न माय. अन् ते होत नसन, तं पोरीले दे."