दारं काढलेली फियाट

नव्वदच्या दशकात अंबडला वडिलांची ट्रकच्या बॉड्या बांधण्याची शेड होती. तिथे एका निवृत्त डॉक्टरांनी आपली जुनी, बुटकी इटालियन फियाट आणली. सोबत मासिकातलं एक चित्र होतं. तीच गाडी, इटलीतल्या एका बॉडी बांधणाऱ्याने टप आणि दारं काढून मोकळी केलेली. आत वेताच्या खुर्च्या.

"बायकोचे गुडघे वाकत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "टपाखालून आत शिरता येत नाही. रिक्षाचे धक्के सोसत नाहीत. वर्ष झालं, घराबाहेर पडलेली नाही. धरणापर्यंत तरी नेईन म्हणतो. जमेल ना, मिस्त्री?"

"साहेब, दहाचाकीच्या बॉड्या बांधतो आपण. हे तर खेळणं आहे."

वडिलांनी चार दिवसांत टप कापला, दारं उतरवली. पाचव्या दिवशी गाडी जॅकवरून खाली घेतली, तेव्हा ती मधोमध खचली.

ट्रकचा सगळा भार खालची चासी घेते. वर काय कापलं, त्याने तिला फरक पडत नाही. वडिलांनी आयुष्यभर तेच काम केलं होतं. या गाडीला वेगळी चासीच नव्हती. टप आणि पत्राच तिला धरून होते.

उपाय एकच होता. दोन्ही बाजूंना, दाराच्या जागी, वीतभर उंचीचा लोखंडी बीम. गाडी ताठ झाली. खुर्च्या बसल्या, वर कापडी छत आलं.

गाडी पोचवायला मीही डॉक्टरांच्या बंगल्यावर गेलो. डॉक्टरीणबाई काठी टेकत फाटकाशी आल्या. वडिलांनी ट्रकला असते तशी लोखंडी पायरी केली होती. बाई पायरीवर चढल्या, पण पाय बीमवरून आत जाईना. डॉक्टरांनी तो हातांनी उचलून पाहिला. पुन्हा एकदा पाहिला.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. मग वडिलांना म्हणाल्या, "छान झालीय गाडी. खुर्च्या अगदी व्हरांड्यातल्या वाटतात."

वडिलांनी डिकीतून पाना काढला, डाव्या खुर्चीचे चार बोल्ट सोडवले आणि खुर्ची फाटकाशी ठेवली. बाई पाय लांब करून बसल्या. डॉक्टर एकटेच कॉलनीला फेरी मारून आले आणि त्यांच्यासमोर थांबले.

"हॉर्न तोच आहे का?" बाईंनी विचारलं.

त्यांनी वाजवून दाखवला. तोच होता.

त्यानंतर वडिलांनी कारचं काम घेतलं नाही. खुर्ची परत बसवायलाही कोणी बोलावलं नाही.