बाईंच्या पिशवीतली पट्टी

देवासच्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये नियमित रक्तदात्यांची पाटी लावलेली आहे. तिच्यावर माझं नाव दुसरं आहे. खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकदाच रक्त दिलं, आणि तेही फेकून द्यावं लागलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. रक्तपेढीच्या बाहेर हे ठाऊक होतं ते एका बाईंना, आणि त्यांचं मी काय केलं ते आज लिहितो आहे.

बाई म्हणजे मंडळाच्या वार्षिक शिबिरात फॉर्म भरून घेणाऱ्या बाई. मूळच्या धारच्या. देवासला हिंदी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घरात जुनं मराठी, शाळेत हिंदी, भाजीवाल्याशी माळवी, तिन्ही एकाच दमात. अंगानं काडी. वजनकाट्यावर उभ्या राहायच्या आणि हसायच्या, "बेचाळीस किलो! माझं रक्त कुणी घेत नाही हो. म्हणून दुसऱ्यांच्या मागे लागते."

फॉर्म भरायची त्यांची एक तऱ्हा होती. हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावायच्या आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसायच्या. आपण त्यांच्या पाठीशी बोलायचं. "मी भिंतीकडे बघते, तुम्ही खरं बोला. तोंड दिसलं की माणूस पाहुण्यांसारखं बोलतो." शिबिराला येणारी आमच्या फॅक्टरीतली पोरं हसायची. पण पडद्याआड आवाज खाली यायचे.

"भिया, सुबह क्या खाया?"

"पोहे-जलेबी, मॅडम."

"आणि रात्री काय प्यायलास?"

"थोडीसी, मॅडम."

"जा. चहा पी. पुढच्या वर्षी थोडीसी पण नको."

अशा परत पाठवलेल्या माणसाची मात्र त्या फजिती होऊ देत नसत. पिशवीतून कापसाचा बोळा काढायचा, त्याच्या कोपरावर ठेवायचा, वर पट्टी चिकटवायची. तो बाहेर यायचा तेव्हा रक्त दिलेल्यासारखाच दिसायचा. "नाही म्हणायला वाट ठेवली पाहिजे," त्या म्हणायच्या, "नाहीतर माणूस हो म्हणतो आणि ते हो बाटलीत जातं."

माझं पहिल्या वर्षीचं हो बाटलीत गेलं. "कावीळ?" त्यांनी भिंतीला विचारलं. लहानपणी मला मोठी कावीळ झाली होती. पण पडद्याबाहेर आमचे मॅनेजर उभे होते. भिंतीसमोरसुद्धा मी खोटं बोललो. "कधीच नाही."

काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, काविळीचा विषाणू अजून रक्तात आहे. बाटली नष्ट केली. पुन्हा कधी द्यायचं नाही, औषध घेत राहायचं. हा आजार कशाकशानं होतो त्याची यादी त्यांनी वाचली, आणि त्यातलं शरीरसंबंधांचं एक कारण ऐकून माझे कान तापले. लोक तेवढंच एक लक्षात ठेवतील, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी अख्खं डिपार्टमेंट निघालं. मी का नाही, हे सांगायची हिंमत नव्हती. पडद्याआड गेलो आणि बाईंच्या पाठीला सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बायकोची तपासणी केलीत?"

"नाही."

"मग आधी ती. आज पट्टी लावते. तिला लस टोचल्याशिवाय पुढच्या वर्षी माझ्यासमोर यायचं नाही."

कंपनीची योजना आहे अशी थाप मारून मी बायकोची तपासणी केली. ती स्वच्छ निघाली. लस झाली. त्या लशीचं कारण तिला आजही माहीत नाही.

त्यानंतर वर्षामागून वर्षं बाई मला पट्टी लावत गेल्या. दारापाशी मंडळाचा माणूस पट्टी बघून प्रशस्तिपत्र द्यायचा. ते मी घ्यायचो. पहिलं कपाटात तळाशी ठेवलं होतं. नंतर मुलीनं ती कागदं भिंतीवर ओळीनं लावली, तेव्हा बरंच वाटलं, हेही लिहून टाकतो.

मग मंडळात नवे सचिव आले. हुशार, नोकरीत ऑडिट करणारे. त्यांनी पहिल्याच वर्षी प्रशस्तिपत्रं आणि बाटल्या ताडून बघितल्या. बाटल्या सातनं कमी भरल्या. सभा बोलावली. त्याच सभेत नियमित दात्यांचा सत्कारही होता, म्हणून मी पहिल्या रांगेत, मांडीवर श्रीफळ.

"बाई, सात बाटल्या गेल्या कुठं?"

"गेल्या नाहीत. भरल्याच नव्हत्या."

"मग पट्ट्या?"

"पट्ट्या मी लावल्या."

"कुणाला?"

"ते मी सांगणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "बेच दी क्या?" दोघं-तिघं हसले. रक्त विकल्याचा आरोप त्या बाईंवर, ज्या रिक्षाचे पैसेसुद्धा मंडळाकडून घेत नसत. त्यांनी हॉलमधल्या एकेका चेहऱ्याकडे बघितलं. मला तेवढं वगळलं. आपली नजर माझ्यावर थांबली तर लोकांना कळेल, म्हणून.

"भाऊसाहेब, तुम्ही जुने दाते. तुम्ही बोला," सचिव मला म्हणाले.

मी उठलो. त्या वेळी गप्प जरी राहिलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "बाईंची नियत साफ आहे. पण आता वय झालंय त्यांचं. चूक होते माणसाकडून."

सगळ्यांना ते पटलं. किती मोठ्या मनानं बोललात, असं नंतर दोघांनी सांगितलंही. बाईंनी पिशवी उचलली. "खरंय," त्या म्हणाल्या, "वय झालं माझं." आणि गेल्या.

त्या धारला धाकट्या भावाकडे राहायला गेल्या. दोनेक वर्षांनी कुक्षीला एका लग्नाला जाताना मी वाटेत थांबलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. त्यांनी आग्रहानं जेवायला वाढलं, मुलीची चौकशी केली, आणि भाऊ पाणी आणायला आत गेला तेवढ्यात हळूच विचारलं, "औषध चालू आहे ना?"

"आहे. बाई, पुढच्या सभेत मी उठून सगळं सांगणार आहे."

"सांगा. पण माझ्यासाठी नको. आता शिबिरात विचारपूस कशी करतात?"

मी सांगितलं. टेबलावर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. दारू? नाही. कावीळ? नाही. पुढे चला.

बाईंचा वाढणारा हात थांबला. "मग कुणी हो म्हणत असेल का?"

मी म्हणालो, "तपासणी होते ना. सापडतं बहुतेक."

"बहुतेक," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

मी पुढच्या सभेत उठलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुलीचं लग्न होऊ दे, रिटायर होऊ दे, असं चाललं होतं. या हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला, बाई गेल्या म्हणून. धारला निघालो, तर बायकोनं वाटेत विचारलं, "एवढं काय हो तुमचं त्यांच्याशी?" मी काच खाली केली आणि बाहेर बघत राहिलो.

शिबिर दर वर्षी भरतं. मधुमेह झाल्याचं सांगून मी आता नुसता रांगेजवळ उभा राहतो. टेबलावरून "कावीळ?" ऐकू आलं की उत्तराआधी एक क्षण जातो. तो क्षण कुणाकुणाच्या बाबतीत जरा लांबतो. मला तो ओळखता येतो. नंतर "नाही" ऐकू येतं, आणि रांग पुढे सरकते.

लिहिणं सोपं आहे. बाईंचं मी जे देणं लागतो ते लिहून फिटत नाही. त्या हॉलमध्ये, भरल्या सभेत, बायको समोर बसलेली असताना मला उभं राहून सांगायचं आहे की त्या सातांतला एक मी होतो, आणि बाईंची चूक झालेली नव्हती. ते मी अजून सांगितलेलं नाही.