दहावा माणूस

मी शिरूर तालुक्यातला. शाळा नववीत सुटली, पुढं पलटणीनं पदरात घेतलं. हवालदार म्हणून निवृत्त झालो. सध्या जर्मनीत मुलाकडं आहे. इथली भाषा येत नाही, म्हणून एकटा बाहेर पडत नाही. कुणी हटकलं तर सांगायचं काय? तरी पोरगा सांभाळतो, उपकार आहेत त्याचे.

शेवटचं पोस्टिंग बर्फातलं. चौकीवर आमचं एक सेक्शन, म्हणजे दहा माणसं. मी कमांडर. सकाळी फॉलइन, गिनती, मग फावडी घेऊन वाट मोकळी करायची. माझ्या खालोखाल नाईक शॅलोम पेणकर. दौंडचा, बाप रेल्वेत गार्ड. धर्मानं यहुदी, आपल्याकडचे बेने इस्राएल म्हणतात ते. शुक्रवारी सांज झाली की त्यांच्या रीतीप्रमाणं रिकाम्या डब्यात वात लावायचा.

एकदा म्हणाला, "साहेब, आमच्या प्रार्थनेला दहा माणसं लागत्यात. म्हंजी देवानंच सेक्शन पाडलंय."

"आन् तूच मेलास तर? नऊच उरतो की आम्ही."

"तवा खालनं कुक बोलवा. त्येला तरी काय काम हाय?"

सगळे हसले.

फेब्रुवारीत एका दुपारी वरचं बर्फ सुटलं. वाटेवर पेणकर सगळ्यांत पुढं होता. फावड्यांनी खणलं, मग हातांनी. सापडला, पण श्वास नव्हता.

मी खालच्या तळाशी बोलायचा वायरलेस सेट उचलला. "कुक को ऊपर भेजो. ओव्हर."

"किसलिए? ओव्हर."

"गिनती पूरी करनी है. ओव्हर."

"रास्ता बंद. नेगेटिव्ह. आउट."

दुसऱ्या दिवशी ढग जरा फाटले. हेलिकॉप्टर आलं, त्याला घेऊन गेलं. आम्ही नऊ जण टोप्या घालून उभे होतो. त्याची प्रार्थना कुणालाच येत नव्हती.

गेल्या महिन्यात मुलानं गाडी लावली तिथल्या फरशीत काळ्या दगडांची चौकट दिसली. तिथं यहुद्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर होतं. एक निवृत्त शिक्षिका लोकांना माहिती देत होत्या, मुलगा मला मराठीत सांगत होता. नाझींच्या काळात नोव्हेंबरातल्या एका रात्री ते पेटवलं. बंब आला, पण पाणी मारलं शेजारच्या घरांवर. सिनेगॉग जळू दिलं. पुढं ते यहुदी लोक प्रार्थनेला एका शिंप्याच्या खोलीत जमायचे. कुणी देश सोडला, कुणाला उचलून नेलं. शेवटी पुरुष नऊच उरले. दहाव्याची वाट बघायचे, मग प्रार्थना न करताच आपापल्या घरी जायचे.

मी मुलाला विचारायला लावलं, दुसऱ्या धर्माचा दहावा चालला असता का? बाईंनी नकारार्थी मान हलवली. यहुदीच लागतो.

म्हणजे कुक वर आला असता तरी भागलं नसतं. इतकी वर्षं मी त्या बंद वाटेला दोष देत होतो. त्याच्या दहांत धरता येईल असा माणूस आमच्यात एकच होता, आणि तोच गेला होता.

"आण्णा, निघू या?" मुलानं विचारलं.

"थांब जरा."

चौकटीच्या आत गेलो. टोपी सारखी केली, सावधान झालो आणि हळू आवाजात रिपोर्ट दिला.

"कुल दस. हाजिर नौ. नाईक शॅलोम पेणकर, दौंड, वाट मोकळी करायला पुढं गेलाय."