चढली झकास, उतारावर थांबेना

आज लंडनमध्ये एजवेअरला लेकीच्या मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेर हा बर्फ. मी म्हटलं, ट्रेनने जाऊ.

जावई म्हणाले, "आई, नव्या गाडीची चारही चाकं ओढतात. तुम्ही तिळगूळ सांभाळा."

चढ झकास चढली. बाकीच्या गाड्या तिथेच घसरत होत्या.

उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी थांबेचना! खाली एक बाई बाबागाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. जावयाला बोलायचं नसतं, पण मी ओरडलेच, "झुडपात घाला!"

घातली. आरसा तुटला, पण बाई-बाळ वाचली.

मग कळलं, एवढी महागडी गाडी आणि टायर उन्हाळ्याचे, थंडीत कडक होऊन बर्फावर घसरणारे! चारही चाकं ओढतील, पण थांबवायला टायरच लागतात. तुमच्याकडचे टायर बघितलेत का? की जावयाला कसं विचारायचं, म्हणून गप्प बसलात?