कणगीच्या बुडातलं कासव

तांडेलकाका जमिनीवरही होडीत असल्यासारखे चालत. माझ्या सासऱ्यांचे हे धाकटे भाऊ. गुडघे गेले म्हणून समुद्र सुटला, पण पाय फाकवून, अंग डोलवत चालायची खोड काही सुटली नाही. मी सून म्हणून मालवणात आले ती सावंतवाडीची, तळ्याकाठची. बांगडा कापताना माझा हात अडला की ते म्हणत, "आसांदे गो, तळ्यावरच्यांका दर्याचा काय कळात?" मी वरून हसायची आणि मनात गाठ मारून ठेवायची.

छप्पन-सत्तावनच्या पावसाळ्यात त्यांना शेताकडच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, कासवाचं पिल्लू मिळालं. बाहेर ठेवावं तर मुंगूस, कुत्री. सुताराने पेटीचा भाव सांगितला तसे काका उठून आले. माळ्यावर भात साठवायची बांबूची फाटकी कणगी पडली होती. तिचं वीतभर बूड त्यांनी कोयत्याने कापलं, शेणाने सारवलं, आत पाण्यासाठी मडक्याचं खापर बसवलं आणि वर जुन्या शिडाचा तुकडा टाकला. माजघरात माझ्या ट्रंकेला खेटून घर उभं राहिलं.

"काका, ह्या वाढल्यावर?" मी विचारलं.

"घर बारीक आसला तरी चलात," ते म्हणाले. "वळाक जागा व्हयी."

चूक फक्त पाण्यात होती. काकांनी जन्मभर पाहिली ती समुद्रातली कासवं. जाळ्यात आली की कुंकू लावून परत सोडायची. कासव म्हणजे दर्याचं लेकरू, ही त्यांची श्रद्धा. म्हणून रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनी किनाऱ्यावर जाऊन ते तांब्याभर खारं पाणी आणत नि खापरात ओतत. हे गोड्या पाण्याचं कासव, मिठाने मरेल, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तळ्यावरचीला काय कळतं? मी गप्प बसले. पिल्लाचे डोळे सुजले, खाणं सुटलं, तेव्हा कुठे काका पडवीत झोपले की मी ते पाणी ओतून टाकून विहिरीचं भरू लागले. पिल्लू तरतरीत झालं. "दर्याच्या पाण्याचो गुण," काका गावभर सांगत सुटले, आणि मी चुलीपुढे तोंडात पदर कोंबून हसत बसले. केवढी हुशार समजत होते मी स्वतःला.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाले तेव्हा ती गंमत ओठांवर आली. पण सांगायचं म्हणजे इतके महिने त्यांना बनवलं हेही सांगायला हवं. "काका, ता पाणी जरा..." एवढंच म्हणाले.

"तू काळजी करू नको. एक दीस चुकाचा नाय."

चुकलाही नाही.

बाळाला घेऊन परत आले तर कणगीचं बूड रिकामं, स्वच्छ सारवलेलं. काका बाळाकडे न बघता माझ्याकडेच बघत होते. "तू गेलंस आणि तेणा खावचा सोडल्यान," ते म्हणाले. "मी रोज पाणी घातलंय गो. पण तेचो जीव तुझ्यात होतो."

त्या वेळी तरी बोलायचं. मी बाळाचं टोपडं नीट करत राहिले.

पुढे जिवंत असेपर्यंत काका ही गोष्ट आल्यागेल्याला सांगत. मुकं जनावरसुद्धा आमच्या सुनेवाचून जगलं नाही, म्हणत. त्यांच्या बाराव्यालाही कुणीतरी ती काढली. मी मान खाली घातली. बायका एकमेकींना म्हणाल्या, "बघ, इतकी मायेची, पण जराही मिरवणा नाय."